लोखंडाची निळाई

चाळणीतून ओट्यावर सांडलेलं ऊन फार जवळून टिपलं, इतकं जवळून की चाळणी दिसू नये, ओटा दिसू नये, सकाळ आहे की दुपार हेही कळू नये, तर उरतं काय? काही लांबट ठिपके उरतात, एका अंगाला दाट होत गेलेले, दुसऱ्या अंगाला एकमेकांत विरघळलेले. आभाळ म्हणावं तर आभाळ, पाऊस म्हणावा तर पाऊस, आणि काहीच म्हणू नये तर नुसतेच ठिपके. माझ्या एका मैत्रिणीनं टिपलेलं हे छायाचित्र आमच्या स्वयंपाकघरात खुंटीवर असतं. त्याला चौकट नाही, काच नाही.

मी त्याला हात पुसते.

ती हातमागाच्या सुती कापडाची फडकी करते आणि त्यांवर आपली छायाचित्रं उमटवते. उतू जाऊन करपलेल्या दुधाचा पातेल्याला धरलेला तळ, तव्याच्या पाठीवरची काजळी, पाण्यावर पसरत गेलेला तेलाचा तवंग, गंज चढलेलं डब्याचं झाकण. सगळं स्वयंपाकघरातलंच, आणि ओळखू मात्र काहीच येत नाही. कोरं कापड ती आधी खळ जाईपर्यंत धुऊन घेते. खळ असेतो सूत पाणी पीत नाही, आणि पाणी न पिणारं सूत रंगही नीट पीत नाही. मग मंद उजेडात दोन क्षारांची द्रावणं एकत्र करायची, एक हिरवट, एक नारिंगी, आणि रुंद ब्रशनं ती कापडावर फिरवायची. कापड अंधाऱ्या खोलीत वाळतं. त्यावर पारदर्शक फिल्मवर छापलेली निगेटिव्ह, वर काच, आणि हे सगळं उचलून गच्चीत, भर उन्हात.

एकदा मीही शेजारी बसून पाहिलं. निगेटिव्हच्या उघड्या जागांतून कापडाचा पोपटी रंग आधी काळवंडला, मग करडा झाला, मग त्यावर जुन्या कांस्याची तांबूस झाक चढली. ऊन काहीतरी लिहीत होतं आणि ते अजून वाचता येत नव्हतं. मग तिनं काच उचलली, कापड पाण्याच्या बादलीत सोडलं, आणि कडांमधून पिवळं पाणी सुटायला लागलं, धुरासारखं वळत, पसरत, तळाशी जात, आणि ते जसजसं निघून गेलं तसतसा आतून एक निळा रंग वर आला, आधी भित्रा, मग धीट, मग असा की गच्चीवरची बाकी सगळी दुपार फिकी पडावी. मी टाळ्याच वाजवल्या. ती म्हणाली, "अगं, थांब. ही अजून कच्ची निळाई आहे. वाऱ्यावर वाळू दे, उद्या बघ."

दुसऱ्या दिवशी ती निळाई खोल झाली होती.

या रीतीला सायनोटाइप म्हणतात. जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञानं ती 1842 मध्ये शोधली, आणि पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्स या बाईंनी समुद्रशेवाळं थेट कागदावर मांडून, उन्हात ठेवून, त्यांच्या निळ्या छापांचं पुस्तक काढायला घेतलं. छायाचित्रं असलेलं ते जगातलं पहिलं पुस्तक मानतात. त्यातलं एखादं पान नाव न वाचता पाहावं. वनस्पतीच दिसेल असं नाही. निळ्यात पांढरी रेघ फुटत, विरत, पुन्हा फुटत गेलेली दिसते. इमारतींचे निळे नकाशे निघाले ते याच रसायनातून. आणि हा निळा रंग कुठल्या फुलाचा, पानाचा, दगडाचा नाही. तो लोखंडाचा आहे. ज्या धातूचा तवा, ज्याची कढई, ज्याची विळी, ज्याचा गंज डब्याच्या झाकणावर चढतो, त्याच धातूची ही निळाई. हे कळलं त्या दिवसापासून ते फडकं मला ओट्यावर उपरं वाटलेलं नाही.

एरवी अमूर्त छायाचित्र म्हटलं की मोठी, शांत दालनं आठवतात. पांढऱ्या भिंती, हलक्या पावलांनी फिरणारी माणसं. पण या कलेची एक वाट स्वयंपाकघरातूनच निघाली आहे. पॉल स्ट्रँडनं 1916 मध्ये अमेरिकेत, कनेक्टिकटमधल्या ट्विन लेक्सला, साधे बाऊल जवळजवळ मांडले आणि कॅमेरा इतका जवळ नेला की बाऊल सरले, फक्त वळणं आणि सावल्या राहिल्या. एडवर्ड वेस्टननं 1930 मध्ये एक ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात उभी करून टिपली. तिच्या पाठीवरून उजेड घरंगळतो आणि मिरचीचं अंग होतं, अंगाचा डोंगर होतो. वाडगं, मिरची, नरसाळं. घरोघरच्या फळीवरच्या या वस्तू संग्रहालयात गेल्या आणि तिथेच राहिल्या. मैत्रिणीच्या फडक्यांत मला त्या घरी आलेल्या दिसतात.

नसरीन मोहमदींची छायाचित्रंही मला इथेच आठवतात. त्यांच्या रेषांच्या चित्रांना जग ओळखतं, पण त्या छायाचित्रंही काढत, आणि जिवंतपणी त्यांनी ती कधी प्रदर्शनात मांडली नाहीत. अलिबागजवळच्या किहीमला त्यांच्या कुटुंबाचं घर होतं. 1990 मध्ये तिथेच त्या गेल्या. मागावर ताणलेले धागे त्यांनी टिपले आहेत. माग दिसत नाही, विणकर दिसत नाही, कापड तर अजून झालेलंच नाही. आहे तो फक्त ताण. सुताकडे इतक्या प्रेमानं पाहणाऱ्या बाईंचं काम सुतावर उमटलेलं मला फार आवडलं असतं.

ओट्यापाशी प्रत्येक वस्तू काहीतरी मागत असते. डाळ म्हणते मला निवड, दूध म्हणतं माझ्याकडे बघ, खरकटी भांडी तर काही न बोलताही मागतात. चहा उकळेपर्यंतच्या त्या थोड्या वेळात नजर खुंटीकडे जाते तेव्हा तिथे असं काही असतं की ज्याला नाव नाही आणि म्हणून ज्याची मागणीही नाही. कापड कामाचं, चित्र बिनकामाचं. ते दोन्ही एकाच सुतात. ओल्या हातांनी ते उचललं की जिथे पाणी लागतं तिथे निळा गडद होतो आणि ठिपक्यांची गर्दी एकदम जवळ येते. पिळलं की सगळं चित्र एका दोरात गोळा होतं. झटकून टाकलं की नव्या सुरकुत्यांसह पुन्हा पसरतं. भिंतीवरचं चित्र मी काही दिवसांनी पाहायचं विसरते. हे मात्र बोटांना रोज भेटतं.

घरी आलेली माणसं त्याला हात पुसायला कचरतात. "इतकं सुंदर, आणि याला पुसायचं?" असं म्हणून ओले हात पदराला पुसतात. त्यांचा संकोच मला कळतो, पटत नाही. सुंदर गोष्ट कपाटात ठेवली की ती सुंदर राहते हे आपल्याला कुणी शिकवलं, कुणास ठाऊक! एक खरं, ही निळाई सोड्याला भिते. धुण्याच्या सोड्यानं ती पिवळट पडत जाते, म्हणून मी ते रिठ्याच्या पाण्यात धुते आणि सावलीत वाळत घालते. उन्हातून जन्मलेला रंग फार ऊन लागलं की फिकटतोही. पण काही दिवस अंधारात घडी घालून ठेवला की गेलेली निळाई बरीचशी परत येते. म्हणून दोन फडकी आळीपाळीनं वापरते. एक कामावर, एक फडताळात विश्रांतीला.

स्ट्रँडचे ते बाऊल नंतर कुणीतरी विसळले असतील, पुसले असतील, फळीवर पालथे ठेवले असतील. ज्यानं पुसले ते फडकं कुठल्याच छायाचित्रात नाही. तेही कधी टिपलं जावं, पिळून ओट्याच्या कडेला टाकलेलं, त्याच्या पिळांतल्या सावल्यांसकट, असं मी मैत्रिणीला म्हटलं. तिला ते पटलं. छायाचित्र तर तिनं लगेच काढलंही. पण गच्चीवर ढग उतरलेले आहेत, आणि तिचं छापणं सगळं उन्हाच्या हातात. "एवढा आषाढ जाऊ दे," म्हणाली, "पहिलं तुझंच."