उत्सर्जनानंतरचे अध्ययन : चिंचवड ते चाकण

पुण्याच्या वायव्येस पवना आणि इंद्रायणी या दोन नद्यांच्या आसऱ्याने जो मुलूख पसरला आहे, त्याची ओळख आज परस्थांस कारखान्यांच्या नावांवरून होते. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि भोसरी-पिंपरीच्या माळावर शेडांच्या रांगा उभ्या राहिल्या. १९८२ साली पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. पुढे मोटारींचे कारखाने चाकणपर्यंत पोहोचले. अशा ठिकाणी यात्रेकरू जातो तो देहू-आळंदीस, आणि उतरतो तो पुण्यास. मध्यल्या मुलखात थांबून पाहण्यासारखे काही आहे, असे कोणास वाटत नाही. येथे राहणाऱ्यांसही वाटत नाही. आम्ही मात्र गेल्या वैशाखात शेजारची पाच मुले बरोबर घेऊन हाच मुलूख पायी व बसने हिंडलो. त्याचे कारण प्रथम सांगितले पाहिजे.

मेच्या आरंभी शाळा मिटते आणि जूनच्या मध्यास उघडते. या सहा आठवड्यांचे काय करावे, याविषयी घरोघरी दोन मते आढळतात. एक पक्ष पुढील इयत्तेची पुस्तके आणून मुलांस सकाळपासून वर्गांत जुंपतो. दुसरा पक्ष, वर्षभर दमली आहेत बिचारी, असे म्हणून त्यांच्या हाती दूरध्वनीचे यंत्र देतो. जुन्या अध्ययनपद्धतीत या प्रश्नाचे तिसरे उत्तर होते, आणि ते आम्हांस अधिक शहाणपणाचे वाटते. श्रावणी अथवा भाद्रपदी पौर्णिमेस उपाकर्म करून वेदाध्ययनास आरंभ करावा, साडेचार महिने ते नेमाने चालवावे आणि पौषात किंवा माघाच्या आरंभी उत्सर्जन करावे, असे मनुस्मृतीत सांगितले आहे. उत्सर्जन म्हणजे सोडून देणे. परंतु सोडल्यावर काय? तर पुढे शुक्लपक्षात वेद म्हणावा आणि कृष्णपक्षात वेदांगे म्हणावीत. म्हणजे मुख्य ग्रंथाचा भार हलका झाला, की शिक्षा, कल्प, व्याकरण, निरुक्त, छंद व ज्योतिष यांची पाळी येत असे. अध्ययन थांबत नसे, त्याचे स्वरूप बदलत असे. आमची वैशाखातील भटकंती म्हणजे या वेदांगांचाच एक बाळबोध अवतार होता.

पहिला मुक्काम चिंचवड. पवनेच्या काठी मोरया गोसावींचे समाधिमंदिर आहे. त्याच्या बांधकामाचा आरंभ कार्तिक शुद्ध द्वादशी, शके १५८०, विलंबी संवत्सर या दिवशी झाल्याचे मराठी शिलालेखात कोरले होते. त्याचे वाचन १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरात दिलेले आहे. आम्ही मुलांस एवढेच सांगितले, की शकात ७८ मिळवावे. उत्तर आले १६५८. मग विचारले, संवत्सरांची नावे ६०, ती क्रमाने फिरतात. २०१८ साली शके १९४० होता आणि त्या वर्षीही विलंबीच संवत्सर होते. तर हे जुळते काय? पायरीवर बसून सहावीतल्या मुलाने १९४० मधून १५८० वजा केले, ३६० उरले, आणि तो स्वतःशीच म्हणाला, "सहा फेऱ्या!" भागाकाराची शेकडो उदाहरणे त्याने वर्षभर सोडविली होती, परंतु भागाकाराने दगडावरचा लेख पारखता येतो, हे त्याला त्या दिवशी कळले.

तेथून चापेकर वाडा जवळच आहे. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत रँडवर गोळी झाडली गेली आणि १८९८ च्या एप्रिलपासून १८९९ च्या मेपर्यंत, अवघ्या तेरा महिन्यांत, दामोदर, वासुदेव व बाळकृष्ण हे तिघे सख्खे भाऊ फासावर गेले. मुलांनी तारखा वाचल्या व ती गप्प झाली. आम्हीही काही विचारले नाही. शिष्टांच्या मरणानिमित्त अनध्याय सांगितला आहे. तो त्या दिवशी पाळला.

निरुक्ताचा पाठ वाटेवर झाला. चिंचवड, पिंपरी, पिंपळे, वडमुखवाडी, जांबे ही नावे मुलांनी बसच्या पाट्यांवरून गोळा केली आणि ती झाडांची आहेत हे त्यांच्याच ध्यानात आले. लगेच एकीने विचारले, "मग ती झाडे कुठे गेली?" या प्रश्नाचे उत्तर शब्दकोशात नसल्यामुळे तिला पिंपरीची दुसरी गोष्ट सांगितली. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या शास्त्रज्ञांना मातीतील एका सूक्ष्म जीवापासून हॅमायसिन नावाचे बुरशीनाशक औषध मिळाले, आणि त्या जीवाच्या शास्त्रीय नावात त्यांनी गावाचे नाव गोवले : स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. गावाला झाडाने नाव दिले आणि गावाने जंतूला. त्या रात्री पाचही घरांत भाकरीचे ओले तुकडे वाटीत झाकून ठेवले गेले आणि चौथ्या दिवशी बुरशीचे रंग मोजण्याची शर्यत लागली. मातृवर्गाची नापसंती आमच्या कानी आली. परंतु पेनिसिलीन म्हणजे काय, हे आता त्यांस पुन्हा शिकवावे लागणार नाही.

ज्योतिषाचा पाठ मात्र तिथी पाहून ठेवावा लागतो. चिंचवडचा अक्षांश सुमारे १८.६ आहे. सूर्य उत्तरेकडे सरकत मेच्या १४ तारखेच्या सुमारास नेमका या अक्षांशावर येतो आणि मध्यान्ही उभ्या काठीची सावली नाहीशी होते. जुलैअखेरीस हाच योग पुन्हा येतो, पण तेव्हा आकाश ढगांनी भरलेले असते. म्हणजे ऐन सुट्टीत, ऐन उन्हात मिळणारा हा पाठ शाळेच्या दिवसांत सहसा मिळतच नाही. आम्ही गच्चीवर शंकू रोवला, भोवती वर्तुळ काढले आणि शुल्बसूत्रात सांगितल्याप्रमाणे सावलीचे टोक सकाळी व दुपारी वर्तुळास जेथे शिवले तेथे खुणा केल्या. त्या दोन खुणा जोडल्या, की पूर्व-पश्चिम रेषा मिळते. सावली लोपली ती बारा वाजता नव्हे, तर साडेबाराच्या सुमारास. घड्याळ चुकले काय? नाही, घड्याळ ८२.५ रेखांशाचे आहे आणि आपण सुमारे ७३.८ वर आहो. एका अंशास चार मिनिटे. हा हिशेब मुलांनी खडूने गच्चीवरच मांडला, आणि मग सर्वांनी पन्हे घेतले.

शेवटची फेरी चाकणची. येथील संग्रामदुर्ग हा भुईकोट. १६६० च्या भर पावसाळ्यात शाइस्तेखानाने त्यास वेढा घातला. फिरंगोजी नरसाळ्यांनी तो थोडक्या माणसांनिशी सुमारे दोन महिने झुंजविला आणि अखेर सुरुंगाने बुरूज उडाल्यावर तो पडला. आज काही बुरूज व तटाचा थोडा भाग उरला आहे. डोंगर नाही, कडा नाही; मग किल्ला येथे कशासाठी? आम्ही मुलांस नकाशा दिला. पुण्याहून जुन्नरकडे जाणारी वाट येथून जाते. तळेगावकडची आणि शिक्रापूरकडची वाटही येथेच फुटते. ज्या कारणाने येथे किल्ला झाला, त्याच कारणाने कांद्या-बटाट्याची मोठी बाजारपेठ झाली आणि त्याच कारणाने कारखाने आले.

तट पावलांनी मोजण्याचे काम चालू असता, कडेवर धाकटा भाऊ घेतलेली एक नऊ-दहा वर्षांची मुलगी आमच्या मागोमाग पावले मोजू लागली. आमच्या मुलांचा आकडा चुकला. तिचा चुकला नाही. आईबाप बिहारातून आलेले, दोघेही कामावर. ती मराठी शाळेत जाते. तिचे मराठी स्वच्छ होते, परंतु मधूनच शब्दासाठी अडे. आम्ही कारण विचारले, तेव्हा ती म्हणाली, "सुट्टीत कोणी मराठी बोलत नाही ना." ज्या घरची भाषा निराळी, त्या घरात शाळा मिटली की भाषाच मिटते, ही गोष्ट आमच्या ध्यानात त्या एका वाक्याने आली.

हॅरिस कूपर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली अमेरिकेतील ३९ अभ्यास एकत्र तपासून असा निष्कर्ष काढला, की उन्हाळ्याच्या सुट्टीत मुले सरासरीने सुमारे महिनाभराचे शिक्षण गमावतात आणि गणितात अधिक गमावतात. वाचनात मात्र मध्यमवर्गीय घरांतील मुले किंचित पुढे जातात, आणि गरीब घरांतील मागे पडतात. तेथील सुट्टी आपल्याहून लांब असते, हे खरे. तथापि चाकणच्या त्या मुलीपुढे हा निष्कर्ष परका वाटत नाही. आमच्या पाच मुलांच्या घरी पुस्तके आहेत, बोलणारी माणसे आहेत. शंकू रोवला नसता तरी त्यांचे फारसे बिघडले नसते. जिचे बिघडते, तिला कडेवरचे मूल खाली ठेवण्यास जागा नाही.

बांधकामांवरील मजुरांच्या मुलांसाठी त्यांच्या वस्तीतच वर्ग नेणारी डोअर स्टेप स्कूल ही संस्था १९८८ साली मुंबईत निघाली व १९९३ पासून पुण्यातही काम करीत आहे. परंतु सर्व भार संस्थांवर टाकण्याचे कारण नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती याच ऋतूत मोठ्यांसाठी चालली. लहानांसाठी तेवढीही सिद्धता नको. आम्ही आमच्या गृहसंस्थेच्या वाहनतळाच्या एका कोपऱ्यात सकाळी सात ते नऊ बसू लागलो. घरकामास येणाऱ्या बायांची मुले बोलावली. पहिल्या दिवशी पहारेकऱ्याने त्यांस फाटकातच अडविले आणि दोन बिऱ्हाडांनी लेखी हरकत घेतली. तिची चर्चा सभेत अजून चालू आहे. अकरा मुले आली, अखेरपर्यंत सात टिकली. एक गोष्ट मोठ्याने वाचावयाची, ती मराठीत पुन्हा सांगावयाची, आणि काहीतरी मोजावयाचे, एवढाच नेम. धाकट्या भावंडांसाठी एक चटई निराळी टाकली होती. तिच्यामुळेच तीन मुली टिकल्या, असे आमचे मत आहे.

यंदाही हा क्रम चालवावयाचा आहे. वाचकांपैकी ज्यांच्याकडे ओसरी, गच्ची अथवा सकाळचे दोन तास मोकळे असतील, त्यांनी आपापल्या गावी असा प्रयोग करून पाहावा. चटई मात्र विसरू नये.