पाकीट आणि पोस्टकार्ड

इंदापुरास आमचें बालपण गेलें. सुमारें १९९० सालीं आमच्या आळींत एक वृद्ध आजी राहत असत. त्यांचा मुलगा सैन्यांत होता, व आजींस अक्षरओळख नव्हती. पत्र आलें कीं त्या आम्हांस हांक मारीत. पोस्टकार्ड असल्यास ओसरीवर बसूनच वाचावयाचें. कारण पोस्टमनापासून किराणा दुकानदारापर्यंत सर्वांनीं तें आधींच वाचलेलें असे! पाकीट आलें तर मात्र त्या आम्हांस आंत नेत, दार लोटीत व म्हणत, "बाळा, हळू वाच." वाचून झाल्यावर आमच्या हातावर गुळाचा खडा ठेवीत. तो कौतुकाचा होता कीं तोंड बंद राहावें म्हणून होता, हें आम्हांस अद्याप उमगलेलें नाहीं.

आपल्या देशांत पोस्टकार्ड १८७९ सालीं पाव आण्यास निघालें. स्वस्त तें उघडें आणि बंद तें महाग, हा व्यवहार तेव्हांपासून अडाण्यासही ठाऊक होता. हल्लीं टपालाच्या जागीं मोबाइल आला, सर्वच निरोप फुकट जाऊं लागले, आणि आपण पाठवितों तें पोस्टकार्ड कीं पाकीट, हें ओळखण्याची खूणच नाहींशी झाली.

आमच्या पालकांच्या हातीं जे तीन टपालवाले आढळतात, त्यांची रीत एकसारखी नाहीं. टेलिग्रामवरील नेहमींचे संदेश त्या कंपनीच्या यंत्रांत सांठविलेले असतात, व ते उलगडण्याची किल्लीही कंपनीपाशींच असते. 'गुप्त संभाषण' म्हणून निराळें सुरू केल्यासच पाकीट बंद होतें. कित्येकांची समजूत याच्या नेमकी उलट आहे. व्हॉट्सॲपनें २०१६ सालीं सर्व संदेशांस मोहोर लाविली. वाटेंत तो मजकूर कंपनीसही वाचतां येत नाहीं. परंतु पाकिटावरील पत्ता तिला दिसतोच. कोणीं कोणास केव्हां लिहिलें, यावरूनही माणसाविषयीं पुष्कळ कळतें. २०२१ च्या जानेवारींत तिनें मूळ मालक मेटा हिच्याशीं माहितीच्या देवघेवीविषयीं नव्या अटी पुढें केल्या. त्यावरून भारताच्या स्पर्धा आयोगानें २०२४ च्या नोव्हेंबरांत मेटास २१३ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला, व तें प्रकरण पुढें अपिलांत गेलें. त्या अटी कोणीं वाचल्या होत्या? आम्ही शिक्षक असूनही वाचल्या नव्हत्या. सिग्नलची कथा वेगळी. २०१६ सालीं अमेरिकेंत सरकारी तपासासाठीं दोन क्रमांकांची माहिती मागितली गेली, तेव्हां खातें उघडल्याची वेळ व शेवटच्या जोडणीचा दिवस, एवढेंच त्या संस्थेस देतां आलें. दुसरें कांहीं तिनें ठेवलेंच नव्हतें!

सर्वोच्च न्यायालयानें २४ ऑगस्ट २०१७ रोजीं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. २०२३ च्या कायद्यानें अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठीं पालकांची संमति आवश्यक केली. हें सर्व आम्ही वर्गांत मोठ्या उत्साहानें शिकवीत असूं.

आणि त्याच आम्हीं एक दिवस काय केलें? बारामतीच्या ज्या शाळेंत आम्ही पूर्वीं वर्गशिक्षक होतों, तेथील फी-माफीची यादी पालकांच्या व्हॉट्सॲप-समूहांत टाकली. नांव, वडिलांचा धंदा, वार्षिक उत्पन्न, सारें रकान्यांत. घाई होती, एवढेंच कारण. पाकीट मोहोरबंद होतें; कंपनीस एक अक्षर दिसलें नसेल. तें उघडलें साठांहून अधिक घरांत.

इंदापुराहून एस.टी.नें येणारी एक मुलगी दुसऱ्या दिवशीं आली नाहीं. तिसऱ्या दिवशीं तिचे वडील आले. ओरडले नाहींत, उभ्याउभ्याच म्हणाले, "सर, माफी मिळाली, उपकार झाले. पण माझी कमाई पोरीला मैत्रिणीच्या तोंडून कळली." आम्हीं यादी तत्काळ सर्वांच्या मोबाइलवरून काढली, पण ती कित्येकांनीं आधींच उतरवून ठेवली होती. ओसरीवर पत्र वाचणाऱ्या पोरानेंही आजींशीं असें केलें नव्हतें.

त्या मुलीची क्षमा आम्हीं मागितली. "असूं द्या सर," एवढेंच ती म्हणाली, आणि वर्षभर पहिल्या बाकावरची आपली जागा सोडून मागें बसली.

पुढें सहलीच्या वेळीं प्रत्येकाच्या घरचा दूरध्वनि क्रमांक हवा होता. तिच्या वडिलांनीं विचारलें, "समूहांत टाकणार का, सर?" आम्हीं नाहीं म्हटलें. त्यांनीं वहीचें पान फाडलें, क्रमांक लिहिला, पानाची चौपदरी घडी केली, आणि आमच्या हातीं देण्यापूर्वीं क्षणभर ती तशीच मुठींत धरली.