नसलेली भिंत

घराचा नकाशा आपल्याला कळतो असे सांगणारी माणसे मला पुष्कळ भेटली आहेत. खरोखर कळणारी फार थोडी. रेघांवर बोट ठेवून वास्तुकार म्हणतो, "हा दिवाणखाना, हे स्वयंपाकघर", आणि आपण सत्यनारायणाला बसलेल्या यजमानासारखी मान हलवतो. मंत्र भटजींचे, नमस्कार आपले! पुढे भिंती उभ्या राहतात, कपाट दारातून आत शिरत नाही, आणि घरातली बाई विचारते, "हे आधी कोणी सांगितले कसे नाही?" सांगितले होते की, पण संस्कृतात.

शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ मराठीत आणला तो अशाच यजमानांसाठी, असे आम्ही मराठीचे मास्तर वर्गात सांगत असतो. नकाशाला प्राकृतात आणणारे एक साधन आता निघाले आहे, आणि ते डोळ्यांवर बांधायचे असते. त्याचे नाव व्हर्च्युअल रिअॅलिटी. आपल्याकडे त्याला 'आभासी वास्तव' म्हणतात. आभास आणि वास्तव यांना एकाच म्यानात कोंबणारा हा शब्द एखाद्या वेदान्त्याला पचेल. माझ्या घशाखाली अजून उतरलेला नाही.

या यंत्राची कुळकथा मोठी गमतीची आहे. १९६८ साली आयव्हन सदरलँड नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने असे एक शिरस्त्राण केले. त्याचा लवाजमा एवढा अवजड होता की तो छताला टांगावा लागे. म्हणून डॅमोक्लीजच्या डोक्यावरल्या तलवारीचे नाव त्याला चिकटले. आत दिसत त्या नुसत्या रेघांच्या आकृत्या. पुढे १९८० नंतरच्या दशकात नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात फ्रेडरिक ब्रूक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या विभागाची इमारत, सिटरसन हॉल, बांधण्यापूर्वीच संगणकात उभी केली. सायकलीची मूठ धरून फिरत्या पट्ट्यावर चालायचे आणि नसलेल्या इमारतीत हिंडायचे! हिंडताना प्रवेशदालनातली एक आडभिंत अंगावर येते असे त्यांना जाणवले. वास्तुकारांना सुरुवातीला ते पटेना. त्यांनाही त्या दालनातून फिरवून आणले, तेव्हा भिंत सरकली.

रेघेची भिंत सरकवायला खोडरबर पुरते. विटांची सरकवायची तर घण, राडारोडा आणि नवे सिमेंट आले. आणि जगातल्या एकूण कर्बवायूपैकी सुमारे ८ टक्के एकट्या सिमेंटच्या पदरी जातो. पर्यावरणाला जपणारी इमारत म्हटली की लोकांना गच्चीवरची सौर तावदाने आठवतात. मला आधी आठवते ती न पाडावी लागलेली भिंत.

आमच्या महाविद्यालयाच्या नव्या ग्रंथालयासाठी नेमलेल्या समितीत यंदा मी होतो. देणगीदारांची एकच इच्छा होती: दर्शनी बाजू काचेची हवी. आणि दर्शनी बाजू नेमकी पश्चिमेची! वास्तुकार तरुण मुलगी होती. तिने वाद घातला नाही. चष्म्याचे ते खोके सर्वांना पाळीपाळीने बांधले आणि आत १५ मेचे दुपारचे साडेचार वाजवले. काचेतून आलेले ऊन वाचनाच्या टेबलांवर असे सांडले की मी नकळत हात कपाळाशी नेला. देणगीदारांनी खोके काढले, रुमालाने घाम पुसला (खोलीत पंखा चालू होता!) आणि म्हणाले, "मग वातानुकूलन बसवू."

ग्रंथालयाचे शिपाई, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो, चहा घेऊन आले होते. तिने त्यांनाही आत पाठवले. मामा बराच वेळ मान इकडे-तिकडे फिरवत राहिले. मग म्हणाले, "ताई, इथला लिंब कुठं गेला?"

त्या चित्रात झाडे होती. पण ती तयार साच्यातली, कुठल्याही देशात खपतील अशी गुळगुळीत. आवारातला जुना कडुनिंब कोणी मोजलाच नव्हता. काचेच्या भिंतीसाठी तो तोडायचा होता हे नकाशात एका छोट्या फुलीने लिहिलेले होते, आणि समितीतल्या आम्हा पदवीधरांपैकी एकालाही त्या फुलीचा अर्थ विचारावासा वाटला नव्हता.

या यंत्राची शिफारस करताना मी हात आखडता घेतो तो इथे. ते डोळ्यांना फसवते, कातडीला नाही. त्यात ऊन दिसते, लागत नाही. वारा तर नाहीच. लॉरी बेकर (१९१७-२००७) यांना असल्या चष्म्याची गरज पडली नाही. बर्मिंगहॅमचा हा माणूस मुंबईत गांधीजींना भेटला, पुढे केरळात राहिला, आणि गवंड्यांच्या शेजारी उभा राहून जागेवरच आराखडे बदलत गेला. विटा उभ्या कडेवर रचून मध्ये पोकळी ठेवण्याची पद्धत त्याने रूढ केली. तिच्यात सुमारे २५ टक्के विटा वाचतात आणि पोकळीतली हवा उष्णता अडवते. विटांच्या जाळ्या त्याच्या विशेष आवडीच्या. पण बेकर गावोगाव मिळत नाहीत, खोके मिळते. आणि मामांना समितीत बोलायला लावले ते त्या खोक्यानेच, हेही नाकारता येत नाही.

आठवड्याने ती मुलगी पुन्हा आली. झाडाचा घेर, उंची, फांद्यांचा पसारा मोजून तिने कडुनिंब चित्रात लावला होता; काचेऐवजी विटांची जाळी होती. तेच १५ मे, तेच साडेचार. टेबलांवर कवडसे होते, वाचता येत होते. देणगीदारांनी विचारले, "माझ्या नावाची पाटी दिसेल ना?" तिने ती जाळीच्या वर काढून दाखवली. वातानुकूलनाचा विषय त्यांनी पुन्हा काढला, तेव्हा मामा कपबशा गोळा करता करता म्हणाले, "आणि साहेब, वीज गेल्यावर?"

दोन टेबले कमी झाली. पायाची आखणी गेल्या महिन्यात झाली. चुन्याची पांढरी रेघ बुंध्यापासून अकरा फुटांवरून वळली आहे. मुळे तेवढ्यात मावतात की नाही, हे मात्र खणल्यावरच कळेल.