पंचमी की षष्ठी?

मागच्या वर्षी वक्तृत्व स्पर्धेच्या निमित्ताने पुण्याला जाण्याचा योग आला. दुपारी जेवणाच्या रांगेत उभी असताना मागच्या मुलीने विचारले, "व्हेअर आर यू फ्रॉम?" प्रश्न सोपा होता. पहिलीपासून इंग्रजी शिकलेल्या आमच्या पिढीला त्याचे उत्तर तोंडपाठ. मी मोठ्या ऐटीत म्हटले, "आय ॲम फ्रॉम मुरुड." तिचा चेहरा एकदम खुलला. "अय्या, म्हणजे तुमच्या घरातून समुद्र दिसत असेल ना? जंजिरा किती वेळा पाहिलास?"

वाचकहो, हसू नका. आपल्यापैकी अनेकांवर हा प्रसंग आला असेल. महाराष्ट्रात मुरुड निदान तीन आहेत. एक रायगड जिल्ह्यातले, जंजिऱ्याचे. दुसरे रत्नागिरी जिल्ह्यात दापोलीजवळ, महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे. तिसरे आपले, लातूर-बार्शी रस्त्यावरचे. पहिल्या दोहोंना समुद्र आहे. आपल्याला तो नाही, हे सांगताना मी उगाचच ओशाळले. ती मुलगी बिचारी "सॉरी" म्हणून गप्प झाली.

परत आल्यावर ही फजिती मी आमच्या सरांना सांगितली. सर हसले आणि म्हणाले, "हेच तू मराठीत कसे सांगितले असतेस?"

"मी मुरुडची."

"विभक्ती कोणती?"

"षष्ठी."

"आणि 'फ्रॉम'ची?"

"पंचमी. ऊन, हून."

"पंचमीचा अर्थ काय?"

"अपादान... म्हणजे वियोग."

"मग मुरुडशी तुझा संबंध की मुरुडपासून वियोग?" एवढे बोलून सर पुढच्या तासाला निघून गेले. प्रश्न मात्र माझ्याजवळ राहिला तो आजपर्यंत.

त्या दिवसापासून मला 'फ्रॉम'चा नादच लागला. चार अक्षरांचा हा शब्द, पण मराठीत त्याला पुरे पडायचे तर केवढे मनुष्यबळ लागते! लातूरहून बस येते, तिथे 'हून'. आडातून पाणी शेंदतो, तिथे 'तून'. झाडावरून चिंच पडते, तिथे 'वरून'. सोमवारपासून परीक्षा, तिथे 'पासून'. सावकाराकडून पैसे आणले, तिथे 'कडून'. इंग्रज माणूस हा सारा गाडा एकट्या 'फ्रॉम'वर हाकतो.

पण याच 'फ्रॉम'ने आपल्याला गुणही गमवायला लावले आहेत. 'मी वीस वर्षांपासून इथे राहते' हे वाक्य आपण बिनदिक्कत 'फ्रॉम ट्वेंटी इयर्स' करून टाकतो आणि वहीत लाल रेघ उमटते. तिथे 'फॉर' हवा, आणि अमुक सालापासून आजपर्यंत असे सांगायचे असेल तर 'सिन्स'. आपल्या 'पासून'ला हा भेदभाव ठाऊक नाही. तो स्थळाला, काळाला आणि माणसाला सारखाच चिकटतो.

आणखी एक गंमत आमच्या शेजारच्या गुऱ्हाळावर उलगडली. कढई लोखंडाची आणि गूळ उसाचा. मराठीत दोन्हीकडे षष्ठीच. इंग्रजीत मात्र लोखंडाला 'ऑफ' आणि उसाला 'फ्रॉम'. का? कढईत लोखंड अजून डोळ्यांना दिसते. गुळात ऊस दिसत नाही. चरकातून रस निघाला, चुलवाणावर आटला, आणि उसाचे रूपच पालटले. मूळ वस्तू दिसत असेल तर 'ऑफ', ओळख बदलली असेल तर 'फ्रॉम'. हा नियम व्याकरणाच्या पुस्तकात मी दोनदा वाचला होता. समजला तो काकवीच्या वासात.

'फ्रॉम' एकटा क्वचितच चालतो, बहुधा त्याला 'टू'ची सोबत लागते. ही जोडी मी पहिल्यांदा पाहिली ती रुळावर. साल २०१६. मी पाचवीत होते. लातूर शहराचे पाणी संपले आणि त्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वेगाडी सुरू झाली. अंतर सुमारे साडेतीनशे किलोमीटर. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि प्रत्येकीत सुमारे पन्नास हजार लिटर पाणी. अण्णांनी मला ती गाडी दाखवायला मुद्दाम नेले होते. गाडी आली, आमच्यासमोरून गेली, आणि अण्णा बराच वेळ रुळाकडे पाहत राहिले. फ्रॉम मिरज, टू लातूर. मधल्या गावांना ना 'फ्रॉम' लागू, ना 'टू'. आमच्या वाट्याला आला तो 'थ्रू'. पाणी आमच्या गावातून गेले एवढेच. घरी आलो तेव्हा आई टँकरच्या रांगेत घागर ठेवून उभी होती.

या आईपाशीच माझा प्रश्न येऊन थांबतो.

आई किल्लारीची. ३० सप्टेंबर १९९३ रोजी ती दहा वर्षांची होती. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती पोचवून गाव दमून झोपले होते. पहाटे चारच्या सुमाराला धरणी हलली आणि दगडमातीची जाड भिंतींची घरे झोपलेल्यांच्या अंगावर आली. लातूर-उस्मानाबाद भागात मिळून दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. त्यांत आईची थोरली बहीण होती. दोघी एकाच वाकळीवर झोपल्या होत्या, एवढेच आईने मला सांगितले आहे, तेही एकदाच. पुढे किल्लारी नव्या जागेवर वसली. रस्ते सरळ झाले, घरे ओळीत आली. आई लग्न होऊन मुरुडला आली. आमच्या गल्लीतल्या जुन्या बायका मात्र तिला अजून 'किल्लारीची' म्हणूनच हाक मारतात.

परवा रात्री ती ज्वारी निवडत बसली होती. मी विचारले, "आई, तू कुठली गं?"

"आता हे काय नवीन? किल्लारीची."

"जुन्या की नव्या?"

तिने सुपातून मान वर केली नाही. म्हणाली, "नवी किल्लारी तुझ्या मामाची हाय. माझी जुनीच."

मी वही काढली आणि ते वाक्य इंग्रजीत लिहिले, 'माय मदर इज फ्रॉम किल्लारी.' लिहिले आणि पहिल्यांदाच मला तो शब्द चुकीचा वाटला नाही. ती किल्लारीची आहे, म्हणून षष्ठी. किल्लारी तिच्यापासून तुटली, म्हणून पंचमी. आपल्या व्याकरणाने ज्या दोन खोल्या वेगळ्या ठेवल्या, त्या इंग्रजीच्या या एका शब्दात एकत्र नांदत होत्या. सरांनी विचारलेले 'संबंध की वियोग' यातले 'की' माझ्या आईच्या बाबतीत तरी गैरलागू होते.

दुसऱ्या दिवशी सरांना हे सांगितले. ते थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांनी कपाटातला जाडजूड शब्दकोश काढून माझ्यापुढे ठेवला. त्यात पाहिले तर 'फ्रॉम'चा मूळ अर्थ 'पुढे' असा निघाला! पुढे सरकणे म्हणजे मागचे मागे टाकणे, अशा वाटेने त्याला आजचा 'पासून' हा अर्थ आला. सर म्हणाले, "आपल्या 'प्रवास', 'प्रस्थान' यांतला 'प्र' आहे ना, तो याचा दूरचा भाऊबंद."

यंदा माझे बी.ए. पूर्ण होईल. एम.ए.साठी पुण्याला जायचे घरात ठरते आहे. म्हणजे अण्णा हो म्हणतात आणि आई काहीच म्हणत नाही. तिला 'प्र' ठाऊक नाही, पण घर सोडणे म्हणजे काय हे तिच्याइतके आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नाही. पुण्यात गेल्यावर माझ्यातले मुरुड कढईतल्या लोखंडासारखे वरून दिसत राहील, की गुळातल्या उसासारखे दिसेनासे होऊन चवीपुरते उरेल, हे मला आज सांगता येत नाही. भीती वाटते ती एवढीच, की दिसेनासे होताना चवही जाऊ नये.

रांगेतली ती मुलगी पुन्हा भेटली, तर उत्तर 'फ्रॉम मुरुड' असेच देईन. व्याकरण मोडून गुण घालवायचे नाहीत. पण या वेळी ओशाळणार नाही. तिला शेजारी बसवून सांगेन, "समुद्र नाही बाई आमच्याकडे. गुऱ्हाळ आहे. आणि आमचे मुरुड कोणते म्हणशील तर, मिरजेच्या पाण्याची गाडी जिथून न थांबता पुढे गेली, ते."