थंडी पडली तर गूळ

जहाजाला वाट द्यायची वेळ आली की कोलकात्यात खिदिरपूरचा बास्क्यूल पूल वर उचलतात आणि रस्ता थांबतो. मालाचे ट्रक, सायकल-व्हॅन, शाळेच्या रिक्षा, सगळ्यांनाच सक्तीची सुट्टी. पाटालीवाला नेमका अशा वेळी येतो. जानेवारी लागला होता, टोपलीत पाटाली, म्हणजे खजूरगुळाच्या तपकिरी वड्या होत्या आणि वास दहा पावलांवरून येत होता. माझा मामेभाऊ गोदीत नोकरीला. त्याच्याबरोबर क्रेन चालवणारा एक तरुण आमच्यासोबत होता. मी वडीला हात लावणार तोच तो म्हणाला, "दिदी, हा वास बाटलीतला आहे. साखर वितळवायची, नावाला गूळ घालायचा, वरून एसेन्सचे थेंब. खरा बघायचा तर माझ्या मामाकडं चला, बहडूला." मग जरा थांबून, "पण थंडी पडली तर."

थंडी पडेना. जानेवारीत कोलकात्याचा पारा रात्री तेरा-चौदापर्यंत उतरतो, हे इथं गृहीतच धरलेलं असतं. त्या आठवड्यात मात्र उपसागरावरून दमट वारा येत होता, आकाश मळलेलं होतं आणि लोक माकडटोप्या काखेत धरून फिरत होते. तो तरुण रोज संध्याकाळी मामाला फोन करायचा आणि मान हलवायचा.

रिकाम्या दिवसांत मी गोदीच्या भिंतीकडेनं गार्डन रीचपर्यंत हिंडले. खिदिरपूरची गोदी १८९२ची, पण त्याच्या कितीतरी आधीपासून या किनाऱ्यावरून माणसं जहाजात भरून पाठवली जात होती, तीही साखरेसाठी. मॉरिशस, त्रिनिदाद, सुरीनामच्या उसाच्या मळ्यांवर करारानं बांधलेले मजूर. 'लल्ला रूख' हे सुरीनामला जाणारं पहिलं जहाज १८७३च्या फेब्रुवारीत कोलकात्याहूनच सुटलं. गार्डन रीचला सुरीनाम घाट आहे, तिथं त्या लोकांचं स्मारक आहे, गाठोडं घेतलेल्या नवराबायकोच्या पुतळ्यासह. ज्या साखरेपायी ही माणसं इथून गेली ती आज इतकी स्वस्त आहे, की पाटालीवाल्याच्या टोपलीत गुळाचं सोंग घेऊन बसते.

शेवटी उत्तरेचा कोरडा वारा सुटला. "उद्या निघा," निरोप आला.

खिदिरपूरहून माझेरहाट, तिथून बजबजहून येणारी लोकल पकडून बालीगंज, मग लक्ष्मीकांतपूरची लोकल. सोनारपूरपर्यंत शहर संपता संपत नाही. बारुईपूरला पेरूच्या टोपल्या डब्यात चढल्या आणि निम्मा डबा मीठ-मिरची लावून पेरू खायला लागला. त्यापुढं खिडकीतून तळी दिसायला लागली, आणि तळ्यांच्या काठी ती झाडं. मी ती लगेच ओळखली. आपल्याकडं ओढ्याकाठी उगवते तीच शिंदी, इकडं तिलाच खजूर म्हणतात. तिच्या पानांची केरसुणी होते, लक्ष्मीपूजनाला आपण तिला हळदकुंकू वाहतो, आणि तिच्या रसाची सकाळी नीरा नि दुपारी ताडी होते. बंगाल्यांनी त्याच रसाचा गूळ केला आणि त्यावर अख्खी मिठाई उभी केली.

बहडूच्या स्टेशनाबाहेर मोआची दुकानं ओळीनं आहेत. कनकचूर नावाच्या सुवासिक भाताच्या लाह्या, नव्या खजूरगुळाचा पाक, गाईचं तूप, खवा, वेलची. हे सगळं हातानं वळलेला लाडू म्हणजे मोआ. नाव पुढच्या स्टेशनाचं, जयनगरचं झालं, भौगोलिक मानांकनही २०१५ साली 'जयनगरेर मोआ' म्हणूनच मिळालं, आणि बहडूवाले ती सल अजून उगाळतात. पहिला मोआ आमच्या गावात वळला, दुकानं तुम्ही थाटलीत, असा त्यांचा दावा. मी दोन्हीकडचे खाल्ले; निवाडा करायचं धाडस नाही. एका दुकानदारानं मात्र खरं ते सांगितलं. गिऱ्हाईक हल्ली नोव्हेंबर लागताच मोआ मागतं. गूळ तेव्हा झाडातच असतो. मग दुकानदार काय करणार? त्यानं फळीवरच्या छोट्या बाटलीकडं बोट दाखवलं आणि हसला.

त्या तरुणाच्या मामांना मी चाचा म्हणू लागले. त्यांचं घर स्टेशनापासून टोटोनं अर्ध्या तासावर. टोटो म्हणजे बॅटरीची रिक्षा. चाचा साठीचे, अंगानं काटकुळे, लुंगी गुडघ्यावर खोचलेली. खजुराचं झाड तासून रस काढणाऱ्याला इकडं शिउली म्हणतात. आम्ही पोचलो तेव्हा कमरेला दोर गुंडाळून, पाठीला वेताची टोपली बांधून ते निघतच होते. टोपलीत रुंद पात्याचा बाकदार कोयता. कोकणात माडावर चढणारा भंडारी पाहिलेल्या माणसाला ही तयारी परकी वाटत नाही. फरक एवढाच, की माडाची पोय, म्हणजे फुलोऱ्याची दांडी, कापतात आणि इथं झाडाचं अंगच तासतात.

शेंड्याखाली एका बाजूची पानं आणि सालपट ऑक्टोबरातच उतरवून ठेवलेलं असतं. तो भाग उन्हावाऱ्यात सुकू देतात, मग पुन्हा तासतात, मग बांबूची पन्हळ ठोकतात. दुपारी कलत्या उन्हात पातळ पापुद्रा काढायचा, पन्हळीखाली मडकं टांगायचं, पहाटे उतरवायचं. एका वर्षी या अंगाला, पुढच्या वर्षी त्या अंगाला. त्यामुळं जुन्या झाडाचा बुंधा वाकडातिकडा होत वर जातो आणि खाचा मोजल्या की झाडानं किती हिवाळे दिले ते कळतं. चाचांनी एका झाडाला हात लावून सांगितलं, "हे माझ्या अब्बांनी सुरू केलेलं." झाड त्यांच्या मालकीचं नाही. इकडं झाडं हंगामापुरती घेतात. मालकाला पैसे नाहीतर गूळ द्यायचा. रस आला नाही तरी ठरलेलं द्यावंच लागतं.

एका झाडाला रोज हात लावत नाहीत. विश्रांतीनंतरचा पहिला काप म्हणजे जिरेन, त्याचा रस सगळ्यांत स्वच्छ आणि सुवासिक. दुसऱ्या रात्रीचा दोकाट, थोडा गढूळ. तिसऱ्या रात्री जे ठिबकेल ते हलक्या गुळाला. मग पुन्हा काही दिवस झाडाला मोकळं सोडायचं. अख्ख्या हंगामात जिरेनच्या रात्री मोजक्याच, आणि त्यातली एखादी ढगाळ गेली तर ती परत मिळत नाही. मघाचं फोनवरचं मान हलवणं मला इथं उमगलं. ढगाळ हवेत चाचांनी झाड तासायचंच टाळलं होतं. काप राखून ठेवला होता.

ढगानं बिघडतं काय? रसात साखर दहा-बारा टक्के, बाकी पाणी. झाडातून निघतो तेव्हा तो पाण्यासारखा नितळ असतो. हवेतलं यीस्ट त्यात पडतं ते पडतंच. थंडी असेल तर ते आळसावतं, रात्र उबदार असेल तर कामाला लागतं. पहाटेपर्यंत रस पांढुरका होतो, फेस येतो, आंबूस वास येतो. त्याचा गूळ धरत नाही. नीट पाहिलं तर एकाच मडक्यात दोन वाटा असतात. गार रात्र झाली तर बंगालचा गूळ, उबदार झाली तर आपल्याकडची ताडी. मधे काही अंशांचाच फरक. आपल्याकडं नीरा केंद्रावर सकाळीच रांग लावावी लागते त्याचं कारणही हेच.

उत्तर अमेरिकेतल्या मेपलवाल्यांचा जीवही असाच पाऱ्यात अडकलेला. रात्री शून्याखाली आणि दिवसा शून्यावर गेलं तरच मेपलचा रस वाहतो, तोही इतका पातळ, की चाळीस लिटर आटवून एक लिटर पाक मिळतो. खजुराचा आठ-दहा लिटरला किलोभर गूळ देतो. मात्र क्यूबेकच्या उत्पादकांनी वाईट वर्षासाठी पाकाचं राखीव कोठार उभारलंय, आणि त्यातला सुमारे तीन हजार टन माल चोरीला गेल्याचं २०१२ साली उघडकीला आल्यावर जगभर बातम्या झाल्या. चाचांचं राखीव कोठार म्हणजे मुलगा. तो केरळात बांधकामावर आहे आणि पैसे पाठवतो.

रात्री अंगणात बसलो तेव्हा चाचांनी एकदा हात उघडा करून हवेत धरला. "चांगली पडतेय," म्हणाले. मी दोन शाली गुंडाळून होते.

पहाटे अंधारातच मडकी उतरली. काही झाडांवर मडक्याच्या तोंडापाशी बांबूच्या काड्यांचा पडदा बांधला होता, वटवाघळांसाठी. ती रात्री पन्हळ चाटतात. वटवाघळांत असणाऱ्या निपाह विषाणूची साथ बंगालात २००१ साली सिलिगुडीत आणि २००७ साली नदिया जिल्ह्यात येऊन गेली. बांगलादेशात तर कच्च्या रसावाटे हा रोग माणसात येतो, हे संशोधकांनी दाखवून दिलंय. तरीही इथली मुलं पेले घेऊन झाडाखाली उभी राहतात, कारण पहाटेचा गार रस ही हिवाळ्याची मोठी मौज. मी नको म्हटलं. चाचा रागावले नाहीत. म्हणाले, "आटू दे, मग देतो."

पुढचं राज्य चाचींचं. आपल्याकडच्या गुऱ्हाळात काहील, चुलवाण आणि गुळव्या. इथं जमिनीत खणलेली लांबट चूल, तिच्यावर पत्र्याचं पसरट भांडं, आणि चाची. सरपण म्हणून खजुराचीच वाळकी झावळी आणि भाताचा पेंढा. आधी मळी वर येते, ती झाऱ्यानं काढत राहायची. कोल्हापुरात रस निवळायला रानभेंडी घालतात. इथं काही घालत नाहीत, रस स्वच्छ असला तर गरजच पडत नाही. अर्ध्यावर आटला की तो ततरसी, मधापेक्षा पातळ, गरम. चाचींनी वाटी हातात दिली. खिदिरपूरच्या टोपलीतला वास नाकात शिरत होता. हा घशात उतरल्यावर मागून येतो, किंचित धुराचा, भाजल्यासारखा. पातळ गूळ हवा असेल तर इथून थोडं पुढं थांबायचं. पाटाली करायची तर आणखी आटवून, भांड्याच्या कडेला थोडा पाक दांड्यानं घोटत राहायचा. तो फिकट, रवाळ झाला की उरलेल्यात मिसळायचा. त्यानं सगळा पाक धरतो. मग साचे.

चाचींकडं थर्मामीटर नाही. त्या बुडबुड्यांच्या आवाजावर चालतात. मला काहीच वेगळं ऐकू येत नव्हतं.

महाराष्ट्रात हा उद्योग कुणी केलाच नाही असं नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला, गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमाराप्पांच्या हाती. तिथं गजानन नाईकांनी ताडगुळाचं काम अंगावर घेतलं आणि गांधीजींनी 'हरिजन'मधून त्याची पाठराखण केली. तरी आपल्या घरात ताडगूळ रुजला नाही. उसाचा गूळ दारात ढेपांनी येत असताना झाडावर चढणार कोण, हा माझा आपला अंदाज. बंगालातही चढणारे कमी होताहेत. वीटभट्टीला जळण म्हणून जुनी झाडं विकली जातात. एकरकमी पैसा मिळतो, आणि वीटभट्टीला जिरेन-दोकाट लागत नाही.

साचे भरून झाल्यावर चाची जरा टेकल्या. मला 'सौदागर' आठवला, १९७३चा, राजश्रीचा. नरेंद्रनाथ मित्रांच्या 'रस' या बंगाली कथेवरचा. मी त्यांना गोष्ट सांगितली. आमच्या मुंबईची नूतन त्यात गूळ करणारी विधवा झालीय, महजुबी. अमिताभ झाडावर चढून रस आणतो, तिच्याशी लग्न करतो ते तिच्या हाताच्या गुळासाठी. गूळ विकून पैसे साठवतो, तिला तलाक देतो आणि देखण्या फूलबानोला घरी आणतो. तिला गूळ जमत नाही. गिऱ्हाईक तुटतं, बाजारात पत जाते, आणि शेवटी तो रसाची मडकी घेऊन पुन्हा महजुबीच्या दारात येतो.

चाचा मोठ्यानं हसले. चाचींनी भांडं राखेनं घासता घासता सगळं ऐकून घेतलं. दुसरीचा गूळ बिघडला, हे त्यांना पटलेलं दिसलं नाही.

"त्या वर्षी थंडी कशी होती," त्यांनी विचारलं, "ते सांगितलंय का सिनेमात?"