दुपारचे तीन, पण कुणाचे?

गेल्या जुलैतली गोष्ट. न्यूजर्सीच्या एका बाईंनी आमच्या एआय एजंटला सांगितलं, "उद्या दुपारी ३ ला मीटिंग लाव." त्याने लावली, पण पुण्याच्या ३ ला! बाई बिचाऱ्या पहाटे साडेपाचला उठून बसल्या.

आधी एजंटच्या नावाने खडे फोडले. मग मीच लिहिलेलं टूलचं वर्णन उघडलं. "मीटिंग ठरवते. वेळ द्या." बस्स, एवढंच! टूलच्या आतला कोड भारतीय वेळ धरून चालतो, हे त्या बापड्याला कळणार कुठून? त्याला दिसतं ते टूलचं नाव, वर्णन आणि काय-काय भरायचं त्याची यादी. कोड दिसत नाही.

मग कोड सुधारला आणि वर्णन नव्याने लिहिलं. ही फक्त नवी मीटिंग लावते, जुनी हलवत नाही. वेळेसोबत शहराच्या टाइमझोनचं नाव द्या, नुसता तासांचा फरक नको (तिकडे नोव्हेंबरात घड्याळ मागे जातं, साडेनऊचे साडेदहा तास होतात). आणि कुणी 'परवा' म्हटलं तर तारीख विचारून घ्या. आपला परवा मागेही असतो नि पुढेही!

माफीची मेल मात्र मी स्वतः लिहिली. बाईंच्या दुपारी ३ ला पाठवली.