स्वस्त बेस गिटार आणि पाऊण तार



मी चौथीचा वर्ग घेते. दोन वर्षांपूर्वी मी ८ हजार रुपयांना सेकंडहँड इलेक्ट्रिक बेस गिटार घेतली. सासूबाई म्हणाल्या, "एवढ्या पैशांत पेटी तरी घ्यायचीस गं!" पण मला लहानपणापासून गाण्याच्या तळाशी घुमणाऱ्या त्या सुराचंच वेड.

साध्या गिटारला सहा तारा असतात, बेसला बहुधा चार, त्याही जाड. पूर्वी हे खालचे सूर माणसापेक्षा उंच डबल बेसवर वाजवत. १९५१ मध्ये अमेरिकेत लिओ फेंडर यांनी प्रिसिजन बेस बाजारात आणला. तो गळ्यात अडकवून वाजवता येई आणि मानेवरच्या आडव्या पट्ट्यांमुळे, म्हणजे फ्रेट्समुळे, सूर अचूक लागे. म्हणून नाव प्रिसिजन. माझी गिटार त्याच घाटाची, साध्या कंपनीची. रात्री सगळी कामं आवरली की हेडफोन लावून वीस मिनिटं वाजवते. बोटांना घट्टे पडलेत, पण दिवसाचा शीण जातो.

आता वर्गाकडे वळू. शाळेत महाग वस्तू आली की तिचं काय होतं, हे आपण जाणतोच. जडसंग्रह रजिस्टरला नोंद, कपाटाला कुलूप आणि मुलांना "हात लावू नका". माझी गिटार स्वस्त, म्हणून मी ती बिनधास्त मुलांच्या हातात देते.

अपूर्णांक शिकवताना तिचा फार उपयोग झाला. मुलांनी टेपने तार मोजली, सुमारे ८६ सेंमी भरली. बाराव्या फ्रेटवर दाबली की ४३ सेंमी उरते, म्हणजे अर्धी. तोच सूर वरच्या सप्तकात ऐकू येतो. पाचव्या फ्रेटवर दाबली की जवळपास पाऊण तार उरते. अ‍ॅम्प लागत नाही. चार-पाच जणांच्या गटाने लाकडाला आळीपाळीने कान लावायचा.

वर्गातली एक मुलगी पाव हा अर्ध्यापेक्षा मोठा मानायची, कारण ४ हा २ पेक्षा मोठा! मी विचारलं, "पाव तारेचा सूर कुठे असेल?" ती थोडा वेळ तारेकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बाई, सगळ्यात वर. कारण तार सगळ्यात छोटी उरंल." माझ्या गिटारला तिथे फ्रेटच नाही. मग मी तारेच्या पाव अंतरावर बोट न दाबता नुसतं टेकवलं आणि तिला तार छेडायला लावली. बारीक, उंच सूर आला. तेव्हापासून १/४ आणि १/२ मध्ये तिची गल्लत झालेली नाही.

पालकहो, मुलांसाठी जुनं वाद्य घेताना मान वाकलेली नाही ना, प्रत्येक फ्रेटवर सूर स्वच्छ येतो ना आणि खुंट्या सैल नाहीत ना, एवढं जरूर बघा. ओरखड्यांकडे दुर्लक्ष करा. माझ्या गिटारवर कंपासाचा एक चांगलाच लांब ओरखडा आहे.

गिटार नसेल तर गावातल्या भजनी मंडळाकडून एकतारी मागून आणा. अर्धी तार तिथेही अर्धीच असते. आधी मुलांना मोजू द्या, सूर कुठे लागेल ते विचारा, आणि मगच वाजवा.